पणजोबांचा रकाना

वकिलाकडे दावा लिहायला दिला की ‘अशिक्षित, अडाणी व भोळ्या स्वभावाचे’ हे शब्द फुकट मिळतात. जमीन गमावलेला पूर्वज कागदावर कायम असाच असतो. शिरूरच्या कोर्टातल्या दाव्यांवर विश्वास ठेवायचा तर शंभर वर्षांपूर्वी या तालुक्यात निम्मी माणसं भोळी होती आणि उरलेली निम्मी त्यांची सख्खी भावंडं होती. हे वाक्य सहसा कोणी वाचत नाही. अण्णांनी वाचलं, तिथून सगळं बिघडलं.

अण्णा निवृत्त प्राथमिक शिक्षक. रांजणगावच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांची अकरा गुंठे जमीन आहे. म्हणजे आहे की नाही हाच वाद आहे. एमआयडीसी येण्यापूर्वी तिथे कुसळं उगवायची आणि कोणालाही पूर्वजांची आठवण व्हायची नाही. आता न्हावऱ्याच्या भावकीशी दावा चालू आहे. सगळी मदार १९१२च्या एका वाटणीपत्रावर. त्यावर अण्णांच्या पणजोबांचा डाव्या हाताचा अंगठा आहे. अण्णांच्या बाजूचं म्हणणं असं की पणजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यांच्या भावाने भलताच मजकूर सांगून अंगठा घेतला. कोर्टाचं सगळं अण्णांचे धाकटे बंधू बापू बघतात. अण्णा फक्त सही करतात.

एका तारखेला न्यायाधीश रजेवर होते. व्हरांड्यात वेळ जाईना म्हणून अण्णांनी दाव्याची नक्कल मागून घेतली आणि चष्मा पुसून पहिल्यापासून वाचली.

“बापू, हे अडाणी कोणी लिहिलं?”

“वकिलांनी. लिहावं लागतं तसं.”

“आणि खाली सही कोणाची?”

बापूंनी उत्तर दिलं नाही. ‘वरील सर्व मजकूर वाचला, तो खरा व बरोबर आहे’ याच्याखाली अण्णांचीच सही होती, वळणदार, खाली दोन ठिपक्यांची रेघ ओढलेली.

“आपले वडील गुरुजी, मी गुरुजी, माझी सून गुरुजी,” अण्णा म्हणाले, “आणि पणजोबा अडाणी?” त्या दिवसापासून अण्णांनी पणजोबांना साक्षर करायला घेतलं.

असा एक माणूस दर तालुक्याच्या गावात असतो. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत झेरॉक्स, झेरॉक्सवर पिवळ्या स्केचपेनाच्या रेघा. हा माणूस चहाच्या टपरीवर तुमच्याशेजारी बसला की उठण्याआधी तुम्हाला त्याची सहावी पिढी तोंडपाठ झालेली असते. शिरूरला तर मेलेल्यांची विचारपूस करण्याची परंपराच आहे. इथे १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसच्या कबरीला लोक ‘सत्पुरुष’ म्हणून ऊद-धूप दाखवत असत, असं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे. परक्या पलटणीच्या गोऱ्या कर्नलची एवढी काळजी, तर स्वतःच्या पणजोबांची का नको, हा अण्णांचा मुद्दा बिनतोड आहे.

शोधाला दिशा मिळाली ती अमेरिकेतून. अण्णांचा भाचेजावई न्यू जर्सीत असतो. त्याने व्हिडिओ कॉलवर तिकडच्या १९३०च्या जनगणनेचं एक पान दाखवलं. हा आज राहतो त्याच घरात तेव्हा राहणारं कुटुंब: नाव, वय, घर मालकीचं की भाड्याचं, घरात रेडिओ आहे का, आणि एका रकान्यात लिहिता-वाचता येतं का. तिकडे बहात्तर वर्षं झाली की ही पानं लोकांना खुली होतात. १९५०ची २०२२च्या एप्रिलमध्ये झाली. अण्णांनी फोन ठेवला तोच मुळी गोऱ्या साहेबाविषयी नितांत आदर घेऊन. इकडेही राज्य साहेबाचंच होतं, म्हणजे पणजोबांचा रकाना कुठेतरी कपाटात असणार. तो उघडायचा आणि वकिलाच्या तोंडावर मारायचा.

अण्णा पुण्याला गेले. शिरूरहून एसटीने वाकडेवाडी म्हणजे शिक्रापूर आणि वाघोलीच्या कोंडीत एवढा वेळ जातो की तेवढ्यात एखादी खानेसुमारी उरकावी. सरकारी कचेरीतल्या पोरीने त्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, “नावं नसतात काका. आकडे असतात.”

खरं आहे ते. आपल्याकडे १८८१पासून दर दहा वर्षांनी सगळ्या देशाची एकाच वेळी मोजदाद झाली, पण घराघरांत भरलेल्या त्या याद्या बेरजा झाल्यावर नष्ट करण्यात आल्या. साहेबाला माणसं नको होती, बेरीज हवी होती. स्वातंत्र्यानंतरच्या याद्या १९४८च्या जनगणना कायद्याने गुप्त. बहात्तर वर्षांचं तिकडचं गणित इकडे चालत नाही. दुसरा कोणी असता तर वडापाव खाऊन परत आला असता. अण्णा गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयाकडे वळले, कारण जुन्या जनगणनांचे जाडजूड अहवाल तिथे आहेत, आणि ज्या माणसाने चाळीस मुलांच्या वर्गात चोर शोधलेत तो एवढ्या बेरजेत एक पणजोबा शोधू शकत नाही हे त्यांना पटेना.

तिथून परतलेले अण्णा निराळे होते. ते आता साहेब लोकांचा उल्लेख एकेरीत करू लागले. १९०१ला मुंबई इलाख्याची जनगणना करणारा एन्थोव्हेन आणि १९११चा हिंदुस्थानचा जनगणना आयुक्त गेट हे जणू मागच्या आळीत राहतात. “गेट तसा कडक माणूस,” ते टपरीवर सांगायचे. “१८८१ आणि ९१ला तीन खाने होते: शिकत असलेला, साक्षर, निरक्षर. त्यात घोळ झाला. शाळेतलं पोरगं वाचायला लागलं तर त्याला कोणत्या खान्यात घालायचं? कोणी इकडे घातलं, कोणी तिकडे. शाळाखात्याचा आकडा आणि गणतीचा आकडा जुळेना. म्हणून १९०१ला पहिला खाना काढला. पण साक्षर म्हणजे किती साक्षर? ते गेटने १९११ला बांधून दिलं. मित्राला पत्र लिहिता आलं पाहिजे आणि त्याचं आलेलं उत्तर वाचता आलं पाहिजे. तरच साक्षर.”

“म्हणजे मित्रही साक्षर पाहिजे,” टपरीवाला म्हणाला.

अण्णा घुटका घ्यायचे थांबले. हे गेटच्या लक्षात आलं नव्हतं.

१९११ला हिंदुस्थानात हजारी १०६ पुरुष आणि १० बायका साक्षर निघाल्या. १०६ आकडा म्हटला की मराठी माणसाला हुतात्मे आठवतात. अण्णाही तो त्याच सुरात उच्चारतात. त्या १०६ जणांत पणजोबा आहेत हे त्यांनी गणिताने सिद्ध केलं. आधी पाळण्यातली पोरं वजा केली. हे रास्तच होतं, कारण तेव्हाच्या हजारात तान्ही बाळंही धरत; सात वर्षांखालची वगळून टक्केवारी काढायची पद्धत १९९१ला आली. मग गुराखी पोरं वजा केली. मग गावातली जी घराणी आजही सही करायला कचरतात त्यांचे पणजोबा वजा केले. मग न्हावऱ्याची भावकी वजा केली, तत्त्व म्हणून. शेवटी गावात पणजोबा आणि कुलकर्णी एवढेच उरले, आणि साक्षरतेचं प्रमाण शंभर टक्के आलं.

पुराव्याची दुसरी बाजू होती पोथी. माळ्यावर श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ होता, छापील, कडा वाळवीने कुरतडलेल्या. श्रावणात पणजोबा तो वाचत असं अण्णांच्या आत्या सांगायच्या. आता श्रावणात पोथी वाचणं ही भानगडीची गोष्ट आहे. दरवर्षी तेच अध्याय ऐकून कित्येकांना ते पाठ असत. पान उलटायची जागासुद्धा पाठ. अशा माणसाला १९११चा प्रगणक काय लिहिणार? बालबोध वाचतो पण हातात बोरू धरत नाही तो गेटच्या कसोटीत नापास. फक्त वाचता येणाऱ्यांना निराळं विचारायचं सुचायला १९४१ साल उजाडलं, तोवर पणजोबा नव्हते.

पण पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मोडीत दोन ओळी होत्या. मोडी वाचणारे एरवी शोधून सापडत नाहीत. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायची सरकारी मोहीम निघाल्यावर तर त्यांना फुरसत मिळेना. अण्णांनी महिनाभर फोन करून एका वाचकाला गाठलं. त्याने भिंगातून पाहिलं आणि वाचलं: थोरल्या भावास हातउसने दिले रुपये पाच, येणे.

घरात शांतता पसरली. थोरला भाऊ म्हणजे पणजोबा. लिहिणारा म्हणजे धाकटा, न्हावऱ्याचा. म्हणजे पोथीही त्याची, अक्षरही त्याचं, आणि पाच रुपयेही त्याचेच.

“बघितलंत?” अण्णा मोडीवाल्याला म्हणाले. “ज्या घरात वाचणारं कोणी नाही तिथे कोणी असं लिहून ठेवतं का? वाचून परत द्यावेत म्हणूनच लिहिलंय.”

बापूंनी ते पान फाडायला मागितलं. अण्णांनी दिलं नाही.

तरी अंगठा उरतोच. अण्णांनी त्याचाही निकाल लावला. त्यासाठी ते १८७४च्या अखेरीस करड्यात जातात. सावकारावर पहिला मोठा बहिष्कार पडला तो आपल्या शिरूर तालुक्यातल्या याच गावात, आणि पुढे १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची खतं मागून घेऊन होळी केली. दंगलीनंतर आयोग बसला, १८७९चा कायदा आला, शेतकऱ्याचं खत गावच्या निबंधकासमोर लिहून नोंदवायचं ठरलं. म्हणजे मजकूर लिहिणार दुसराच, खाली नांगराची निशाणी किंवा अंगठा. “तेव्हा शहाणा माणूस मुद्दाम अंगठा द्यायचा,” अण्णा आवाज खाली आणून सांगतात. “सही केली की अडकला. अंगठा दिला की कोर्टात म्हणायला मोकळा, मला वाचून दाखवलंच नाही. पणजोबा एवढे साक्षर होते की त्यांनी सही केली नाही.”

सुप्याची होळी झाली तेव्हा कोणतं खत जाळायचं ते पणजोबांनी वाचून दाखवलं होतं, असंही ते एकदा बोलून गेले. पणजोबा तेव्हा सात वर्षांचे होते आणि सुपे पार पलीकडे, भीमथडीत. पण एव्हाना पणजोबा सगळीकडेच जात असत.

सगळ्यात गंमत अशी की हा रकाना कसा भरतात हे अण्णांइतकं गावात कोणालाच ठाऊक नाही. १९८१, १९९१, २००१ अशा तिन्ही वेळा ते स्वतः प्रगणक होते. शाळा सुटल्यावर वाड्या-वस्त्यांवर हिंडायचं, कुत्री चुकवायची, पाणी प्यायचं, चहाला नाही म्हणायचं आणि तरी प्यायचा. सूचना अशी की समजून वाचता आणि लिहिता येत असेल तरच साक्षर. परीक्षा कोण घेणार? दारात बसलेला म्हातारा बोटं मोडत सगळ्या घराचं सांगायचा. सोयरीक जुळायची असेल त्या घरात “लिहा की गुरुजी, येतं तिला” व्हायचं आणि अण्णा लिहायचे. कर्जमाफीची कुणकुण असेल तर पदवीधर पोरालाही बाप अडाणी ठरवायचा, आणि अण्णा तेही लिहायचे. हे सगळं ते हसत हसत सांगतात. पण १९११च्या १० मार्चच्या रात्री कंदील घेऊन आलेला तो प्रगणक मात्र त्यांच्या मते निराळ्या मातीचा होता. आधी काळ्या शाईने भरलेली यादी घेऊन तो त्या रात्री पुन्हा दारोदार फिरला, मेलेल्यांची नावं आणि परगावी गेलेले लाल शाईने कमी केले, नवे जन्म आणि पाहुणे वाढवले. अशा माणसाला चहा पाजून साक्षर म्हणवून घेता येत नाही.

“आणि पणजीचं काय?” काकूंनी एकदा विचारलं. काकूंचं माहेर केडगाव.

“तिचं काय?”

“तिला येत होतं का वाचता?”

अण्णा गोंधळले. हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. “हजारी दहा,” ते म्हणाले. “त्यात ती कुठली असणार?”

“दारात उत्तर कोण देत होतं? पणजोबाच ना? मग ते काय सांगणार, हिला येतं आणि मला नाही?” काकू म्हणाल्या. “आमच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी शेकडो विधवांना, पोरक्या पोरींना शिकवून बसवलं होतं. छापखाना बायका चालवायच्या. बायबल जुळवलं त्यांनी टाइपाचा एकेक खिळा लावून. १९०१ला तिथे गेलेल्या तुमच्या प्रगणकाला रकाना पुरला नसेल.” आणि आत जाता जाता, “तेव्हा तुमचे पणजोबा पाच रुपये उसने मागत होते.”

पणजीची फाइल अजून उघडलेली नाही.

मधल्या काळात अण्णांनी गेटची कसोटी शिरूरवर लावून पाहिली. दौंडला त्यांचे एक मित्र असतात, निवृत्त मुख्याध्यापक, माध्यमिकचे. त्यांना अण्णांनी पोस्टकार्ड टाकलं, उत्तर पोस्टकार्डानेच पाठवा असं लिहून. आठ दिवसांनी फोन आला. “अण्णा, पत्र मिळालं. सगळं क्षेम ना? हो, आम्ही मजेत. पोस्टात जायचा कंटाळा येतो हो आता.” अण्णांनी वहीत त्यांच्या नावापुढे ‘निरक्षर’ लिहिलं. नातवाला लिहायला सांगितलं तर त्याने मोबाइलवर बोलून पाठवलं, अक्षरं मशीनने उमटवली. त्याच्यापुढे अण्णांनी बराच विचार करून ‘शिकत असलेला’ लिहिलं. शेवटी वहीत साक्षर दोनच राहिले: स्वतः अण्णा आणि पोस्टमन.

ही बातमी न्हावऱ्याला पोचली. न्हावऱ्याचे आबा म्हणजे दाव्यातले प्रतिवादी. गेली कित्येक वर्षं ते अण्णांकडे बघत नसत. आता त्यांचा पोरगा मोटारसायकल घेऊन आला: आबांनी चहाला बोलावलंय. अण्णा गेले. आबांनी सतरंजी अंथरली, कंदी पेढे ठेवले आणि सगळं ऐकून घेतलं. गेट ऐकला, एन्थोव्हेन ऐकला, मोडीच्या दोन ओळी दोनदा ऐकल्या. “अण्णा,” ते गदगदून म्हणाले, “तुमचे पणजोबा विद्वान होते हो. तुम्ही सिद्ध कराच. कोर्टात उभे राहून सांगा. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.” इतक्या महिन्यांत अण्णांचं असं कोणी ऐकलं नव्हतं. ते डोळे पुसत परतले.

बापू त्या संध्याकाळी जेवले नाहीत. पणजोबा साक्षर ठरले की १९१२चं वाटणीपत्र त्यांनी वाचून, समजून केलं असं होतं, आणि अकरा गुंठे न्हावऱ्याला. दुसऱ्या दिवशी ते वकिलांकडे धावले. वकील हसले. जनगणनेची नोंद दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालत नाही, १९४८च्या कायद्याचं कलम १५. “गणतीचा कागद सापडला तरी चालत नाही, आणि सापडणार तर नाहीच. दुहेरी कडी आहे बापू, झोपा निवांत.” पण प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं आणि ते पहिले वादी म्हणून अण्णांनीच द्यायचं होतं. तेव्हा अण्णांना बोलावणं आलं.

“अण्णा, एका शब्दात सांगा,” वकील म्हणाले. “पणजोबा साक्षर की निरक्षर?”

“कोणत्या सालचे?”

वकिलांनी बापूंकडे पाहिलं. बापू पंख्याकडे पाहत होते.

“१८८१ला तेरा वर्षांचे, म्हणजे शिकत असलेले,” अण्णांनी वही उघडली. “१८९१ला साक्षर. १९०१ला तर साक्षरच, तेव्हा पत्राची अट नव्हती. १९११ला मात्र मित्राला पत्र लिहून त्याचं उत्तर वाचलं पाहिजे. गावात लिहिणारे दोघे. कुलकर्णी दारातच राहतो, त्याला पत्र कशाला लिहायचं? आणि दुसरा त्यांचा भाऊ. त्याच्याशी पाच रुपयांवरून बोलणं बंद. उत्तर येणार कुठून? तेव्हा गेटच्या हिशेबाने १९११ला निरक्षर. वाटणीपत्र १९१२चं.”

वकिलांनी पेन खाली ठेवलं. एवढ्या वर्षांच्या वकिलीत आपली बाजू इतक्या सन्मानाने कोणी बळकट केली नव्हती. त्यांनी ‘पणजोबा निरक्षर होते’ एवढंच टाइप करून घेतलं आणि सहीसाठी पुढे सरकवलं.

अण्णांनी सही केली नाही. त्यांनी तो कागद अथपासून इतिपर्यंत वाचला. बाहेर दोन अशील ताटकळले, वकिलांचा चहा निवला. मग त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, दोन ठिकाणी वेलांटी दुरुस्त केली, आणि ‘निरक्षर’च्या डोक्यावर काकपद करून लिहिलं: ‘१९११च्या व्याख्येनुसार’.

प्रत पुन्हा टाइप करावी लागली. तिचे पैसे बापूंनी दिले.